लालीच्या घशात घातलेला हात

"हिच्या तोंडात कोणी हात घातला होता का?"

जनावरांच्या डॉक्टरांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मीही हजेरी दिल्यासारखं उत्तर दिलं, "हो, मी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "कधी?"

"परवा सकाळी."

"हात दाखवा बरं."

मी दोन्ही हात पुढे केले. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या आणि आठ दिवस मी शेतात कापूस वेचत होते. ज्यांनी वेचणी केली आहे त्यांना त्या हातांची कल्पना येईल. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला बारीक बारीक चिरा पाडतात. संध्याकाळी भाजीत तिखट घालताना त्या झोंबतात, एवढीच त्यांची आठवण राहते. डॉक्टरांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, ही गाय पिसाळली आहे. खात्री तपासणीनेच होईल, पण मी त्या निकालाची वाट पाहणार नाही, तुम्हीही पाहू नका. आत्ताच्या आत्ता आर्णीला जा."

गोठ्यासमोर उन्हात आम्ही चौघं उभे होतो. मी, माझे यजमान अविनाश, सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, आणि डॉक्टर. आमची अकरा वर्षांची तनू ओसरीच्या खांबाआडून बघत होती.

"हिला एवढ्यात कुत्रं चावलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी," अविनाश म्हणाला. "आम्हाले त नाही माहीत."

मामाजी लालीकडे बघत होते.

परवा सकाळी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचं गाव आर्णीपासून अर्ध्या तासावर. अविनाश शेती पाहतो, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. घरात एकच गाय होती, तांबड्या रंगाची, म्हणून लाली. तिचं सगळं मामाजी बघायचे. सासूबाई गेल्यावर त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं, आणि जे काही उरलं होतं ते बहुतेक गोठ्यात खर्च व्हायचं. मी सकाळी डबा भरत असले की तिकडून त्यांचा आवाज यायचा. काल मंडीत काय झालं, कोणाची पोरगी कुठे दिली, सगळं तिला सांगायचे.

त्या दिवशी लालीने ढेप, म्हणजे सरकीची पेंड, खाल्ली नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. हंबरत होती, पण आवाज घोगरा, ओळखू न येणारा. घोट घ्यायला जायची आणि पाणी तोंडातून परत बाहेर यायचं. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं की घशात काहीतरी अडकलं असणार, एखादं प्लास्टिक किंवा फडकं.

मामाजींनी दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडून धरला. "पोरी, तुहा हात बारीक आहे. आतमंदी पाहय बरं काय अडकलं त."

मी हात घातला. कोपराच्या थोडा अलीकडेपर्यंत. गरम, बुळबुळीत, आणि रिकामं. मी नीट चाचपलं, कारण काहीतरी सापडावं अशी माझी फार इच्छा होती. काहीच नव्हतं. मी हात काढला, हौदावर खळखळून धुतला आणि स्वयंपाकाला गेले.

दोन दिवसांनी ती मागच्या पायांनी लटपटायला लागली, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं.

सुमनताई

हे मी लिहायला घेतलं तेव्हा हा भाग टाळायचा असं ठरवलं होतं. पण तो टाळला तर माझी भीती कोणाला कळणार नाही.

माझं माहेर घाटंजीकडचं. मी नऊ वर्षांची असताना माझी मोठी बहीण सुमन पिसाळून गेली. ती सोळा वर्षांची होती. माझी वेणी तीच घालायची, इतकी घट्ट की डोळे ओढले जायचे. रस्त्यावरच्या एका कुत्र्याने तिच्या हाताला दात लावले होते. जखम एवढीशी. आईने त्यावर चुना लावला आणि शेजारच्या गावात एक बाबा औषध द्यायचा, त्याच्याकडून पाला आणला. वडिलांना सांगितलं नाही. पोरीच्या जातीला गावभर बोभाटा नको, असं तिला वाटलं. दीड महिन्याने ताईने एक दिवस दुपारी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो तिच्या हातून पडला. तिला तहान लागली होती. पाण्याकडे बघून तिचा गळा आवळत होता आणि तरीही ती "मले पाणी पाह्यजे, मले पाणी पाह्यजे" म्हणत होती. तीन दिवस. मला मामाकडे पाठवलं, पण त्याआधी मी जेवढं पाहायचं तेवढं पाहिलं होतं.

म्हणून डॉक्टरांनी "पिसाळली" हा शब्द उच्चारल्यावर मी रडले नाही, किंचाळले नाही. मी घरात गेले, माठातून पाणी घेतलं आणि अख्खा ग्लास प्यायले. जातंय का, ते पाहिलं.

आर्णी आणि यवतमाळ

शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही निघालो. मामाजीही आले, डॉक्टरांनी जबडा धरणाऱ्यालाही पाठवायला सांगितलं होतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माह्या हाताले दुपट्टा गुंडाळला होता. मले लाळ नाही लागली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दुपट्टा नव्हता. मला चांगलं आठवत होतं. पण तेवढ्यात मला आत बोलावलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी हकिकत ऐकली आणि दोन वाक्यांत मला सावरलं. "लक्षणं सुरू झाल्यावर या आजारावर औषध नाही, पण सुरू होण्याआधी लस आणि सिरम घेतलं, तर तो थांबवता येतो. तुम्ही आधी आलात." हे "आधी आलात" मी पुढे महिनाभर मनात घोळवत राहिले.

दोन्ही दंडांवर लस दिली. पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या, तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. तनूचं विचारलं तर त्यांनी तिच्याबद्दल बारीक चौकशी केली. गाईने चाटलं का, कुठे खरचटलं होतं का, दूध कच्चं प्यायली का. तनूला परवापासून गोठ्यात जाऊ दिलं नव्हतं आणि दूध उकळलेलंच होतं. "मग तिला काही नको," त्या म्हणाल्या. मी एवढ्या वेळात पहिल्यांदा टेकून बसले.

सिरमसाठी आम्हाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हे सिरम जखमेतच टोचायचं असतं. माझ्या जखमा बोटांवर होत्या, आणि बोटांवर मांस ते किती असणार!

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. "शाळेत आहात का बाई?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"केव्हाच्या ताठ बसल्या ना! इथं ताठ बसायचं काम नाही. ओरडायचं असन त ओरडा."

मी ओरडले नाही. सतराचा पाढा म्हटला. सतरा चोक अडुसष्टला दुसरं बोट आलं आणि माझा आवाज चिरकला. सिस्टर सुई न थांबवता म्हणाल्या, "सतरा पाचे?" मी म्हटलं, "पंच्याऐंशी." अशा आम्ही दोघी सतरा दाहेपर्यंत गेलो. एका बोटाच्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आठवलेला आकडा चुकला, तर त्यांनी मला दुरुस्त केलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या वाचतील तर त्यांना कळेल.

पायरीवर

बाहेर आले तेव्हा माझी बोटं पट्ट्यांमध्ये गाजरांसारखी दिसत होती. अविनाश औषधं आणायला गेला होता. मामाजी दवाखान्याच्या पायरीवर एकटेच बसले होते, शेजारी चहाचा कागदी कप, माझ्यासाठी घेऊन ठेवलेला. मला तो धरता येईना. मग त्यांनीच कप माझ्या तोंडाशी धरला. सासऱ्यांच्या हातून चहा पिण्याचा प्रसंग लग्नाला एकवीस वर्षं होऊनही कधी आला नव्हता. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

"जळते का लय?" त्यांनी विचारलं.

"आता कमी आहे."

मग मीच म्हटलं, "मामाजी, दुपट्टा नव्हता तुमच्या हाताला."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोळा झाल्यावर एक कुत्रं आलतं वावरात," ते म्हणाले. "भलतंच. आपल्या गावचं नाही. लालीच्या नाकाले चावलं अन् पळून गेलं. म्या हळद लावली. चार दिवसांत खपली धरली. मले वाटलं, कायले सांगाचं? अविनाश म्हणन, तुमचं ध्यान नसते. म्हणून नाही सांगतलं." त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "अन् हात तुले म्याच घालाले लावला."

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मला राग आला. इतका, की त्यांच्या शेजारून उठून जावंसं वाटलं. दोन महिने हा माणूस हे पोटात ठेवून गोठ्यात गप्पा मारत होता!

"मले नको ते सुई," ते म्हणाले. "तुले काही झालं त मी राहून काय करू? होऊ दे माहं काय व्हाचं ते."

म्हणजे हा माणूस शिक्षा भोगायला बसला होता. दुपट्ट्याचं खोटं त्यासाठीच होतं.

तेव्हा मी त्यांना सुमनताईबद्दल सांगितलं. ती तापाने गेली एवढंच सासरी माहीत होतं. अविनाशलासुद्धा. माहेरी तशी पद्धतच पडली होती. मी सांगितलं की माझ्या आईनेही कोणाला सांगितलं नव्हतं. मी मोठी झाले, मला समजायला लागलं, तसा मला आईचा राग येत गेला. वीस वर्षं मी तिच्याशी वरवर बोलत राहिले. मग ती गेली. तिला काय वाटत असेल, ती रात्रंदिवस काय भोगत असेल, हे मी तिला कधी विचारलंच नाही.

"मला परत कोणावर असं रागावायचं नाही," मी म्हटलं. "माझ्यात आता तेवढा दम नाही. उठा."

मामाजींनी दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला. त्या तळव्यांना भेगा होत्या, टाचांना असतात तशा. ते उठले. आत जाऊन सिस्टरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "म्या खोटं बोललो बाई. हे हात पाहा."

लाली

आम्ही परतलो तेव्हा लाली आडवी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की कोणी जवळ जायचं नाही, पाणी पाजायचं नाही, गळ्यातली घंटीही काढायची नाही. गोठ्याच्या दाराला आडवा बांबू लावला होता. दुसऱ्या दिवशी मामाजी त्या बांबूच्या अलीकडे बाज टाकून बसले. जेवायला उठले नाहीत. आणि ते बोलत होते.

"काल यवतमाळले जाऊन आलो," ते तिला सांगत होते. "बापा, काय गर्दी तिथं. एक बाई होती, तिले वांदरानं ओरबाडलं होतं…"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून ऐकत होते. माझ्या मनात त्या गाईबद्दल भीती होती, किळसही होती, हे कबूल करते. तिची लाळ माझ्या बोटांत शिरली होती. पण त्या दुपारी, तिचं डोकं मातीवर टेकलेलं असताना तिचा कान मामाजींच्या आवाजाकडे वळला, आणि मला सगळं विसरून भडभडून आलं. तिने काही केलं नव्हतं. तिला फक्त गिळता येत नव्हतं.

चार वाजता ती गेली. डॉक्टर हातमोजे घालून आले, तपासणीसाठी नमुना घेतला. गावातल्या चौघांनी शेताच्या धुऱ्याकडे, बांधाजवळ, खोल खड्डा केला आणि चुना टाकून तिला पुरलं. मामाजी लांब, बाभळीखाली उभे राहिले. पंधरवड्याने निकाल आला. डॉक्टरांनी ओळखलं होतं तेच होतं.

पाण्याचा ग्लास

लस घेतल्यावर भीती जाते असं कोणी सांगत असेल तर मी म्हणेन, माझी गेली नाही. बोटांत मुंग्या आल्या की मला वाटायचं, सुरू झालं. खरं म्हणजे सिरमच्या सुया जिथे टोचल्या होत्या तिथेच त्या मुंग्या यायच्या. घसा खवखवला की वाटायचं, हेच ते. शाळा सुरू झाल्यावर एकदा धडा वाचताना गळा कोरडा पडला, आवंढा गिळला जाईना. मी पुस्तक मुलांच्या हातात दिलं, बाहेर नळावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. एक ओंजळ, मग दुसरी, मग तिसरी, साडी भिजेपर्यंत.

घरात आणखी एक गंमत सुरू झाली होती. मी पाणी प्यायले की अविनाश माझ्याकडे बघायचा. जेवताना त्याचा घास हातात थांबायचा, माझा घोट खाली उतरेपर्यंत. मला ते दिसायचं. मला दिसतंय हे त्यालाही माहीत होतं. मग मी पाणी पिऊन झालं की ग्लास जरा जोरात खाली ठेवायला लागले, म्हणजे त्याला मान वर करून बघायला नको. आठवडाभर हे चाललं. एके दिवशी तनू म्हणाली, "आई, तू ग्लास कायले आपटतेस?" आणि आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो, की हसता हसता अविनाश रडायला लागला. हा माणूस त्याच्या आईच्या वेळीही माझ्यासमोर रडला नव्हता.

यवतमाळहून परतल्या रात्री मी त्याला ताईचं खरं सांगितलं होतं. "मले पहिलेच सांगाचं होतं ना, सुमनताईचं," तो म्हणाला.

"काय सांगणार होते?"

"काहीबी. मी ऐकलं असतं."

यवतमाळच्या सिस्टरांनी नंबर दिला होता. मी त्यांना फोन करायचे. एका दिवशी चौथ्यांदा केला तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. "सिस्टर, आज चौथी वेळ आहे."

"मंग उद्या पाचव्यांदा करजा," त्या म्हणाल्या. "पाणी पिलं का? जेवली का? तारीख चुकवली नाही ना? मंग काही होत नाही बाई तुम्हाले. ठेवते, पेशंट आहे."

माझ्यासाठी तेवढं पुरायचं. उद्यापर्यंत.

गल्ली

लालीचं दूध गल्लीत काही घरांत जायचं. बातमी पसरली तसे लोक अंगणात जमले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी सगळ्यांना सांगितलं, उकळलेल्या दुधाची भीती नाही, कोणी कच्चं घेतलं असेल तर दवाखान्यात जाऊन विचारून या. दोन घरं जाऊन आली. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पण विश्वास ठेवूनही लोक जरा सरकून बसायला लागले. शाळेत एका पालकाने मुलीला चार दिवस पाठवलं नाही. गल्लीतल्या एका हळदीकुंकवाला मला बोलावणं आलं नाही. मी कोणाला चावणार नव्हते! पण सुमनताईच्या वेळी आमच्या दारावरून लोक पदर सावरून जायचे, ते मला आठवत होतं. त्यामुळे मला याचं आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं.

त्यातच समोरच्या म्हाताऱ्या काकू रोज संध्याकाळी यायच्या. काही विचारायच्या नाहीत. माझी बोटं बरी होईपर्यंत भाजी चिरून द्यायच्या आणि जायच्या. आजारपणात माणसाला सल्ला नको असतो, चिरलेली भाजी हवी असते, हे मी त्यांच्याकडून शिकले.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी आणि मामाजी शेवटची लस घ्यायला एसटीने आर्णीला गेलो. येताना त्यांनी मला भज्यांची प्लेट घेऊन दिली. आम्ही स्टँडवर उभं राहूनच खाल्ली. लग्नानंतर एकवीस वर्षांनी आम्ही दोघं पहिल्यांदा काही न बोलता निवांत होतो.

घरी मात्र त्यांचं बोलणं थांबलं होतं. गोठा रिकामा होता.

शाळेच्या ओट्यावर

संक्रांतीनंतर जनावरांच्या डॉक्टरांनी आमच्या शाळेच्या ओट्यावर लसीकरण ठेवलं, कुत्र्यांसाठी आणि गावातल्या गुरांसाठीही. त्याआधी गावात वेगळीच चर्चा होती. सगळी कुत्री मारून टाका म्हणणारे पुष्कळ होते, आणि मीही एकदा मान डोलावली होती, हे लपवत नाही. डॉक्टरांनी समजावलं की मारली की नवी कुत्री येतात, टोचलेली कुत्री गावाची राखण करतात.

लोक जमले. कोणी दोरीला कुत्रा बांधून आणला होता, कोणी गाय. लस सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत कोणाच्या जनावराला, घरातल्या कोणाला कुत्र्यानं चावलं, ओरखडलं असेल तर सांगा. लहान असलं तरी सांगा."

सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

मामाजी मागे, भिंतीला टेकून बसले होते. ते उठले आणि पुढे आले. दोन महिन्यांत ते चार माणसांत बोलले नव्हते.

"माह्या लालीले कुत्रं चावलं होतं," ते म्हणाले. "मले माहीत होतं. म्या लपवलं. पोरगा बोलन म्हणून लपवलं. मंग ते पिसाळली, अन् तिच्या तोंडात सुनेले हात घालाले म्याच लावलं. वाचली ते दवाखान्यानं, माह्या अक्कलेनं नाही." ते थांबले. "लाज वाटते म्हणून कोणी गप बसू नका रे. बस. एवढंच."

अविनाश माझ्या शेजारी उभा होता. त्याला हे सगळं त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. पायरीवरचं मामाजींचं बोलणं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो पुढे गेला आणि त्याने वडिलांच्या दंडाला धरलं. धरून उभा राहिला.

मग बायकांच्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. आमच्याकडे वेचणीला येणारी. तिच्या कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी होती. "साहेब," ती अगदी हळू म्हणाली, "हिच्या टाचेले सकाळीच दात लागला. पिल्लूच होतं, लहानसं. मले वाटलं पिल्लाचं काय होते…"

डॉक्टर म्हणाले, "पिल्लाचंही होतं. आधी साबण आणा. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग थेट दवाखाना."

शाळेच्या आवारात हापशी आहे. मी खाली बसून त्या पोरीची टाच हातात घेतली आणि साबण लावायला लागले. दोन बारीक लाल ठिपके, बाकी काही नाही. पोरगी रडत होती, "थंड आहे, थंड आहे" म्हणत होती. तिची आई तिला छातीशी धरून होती. गाडी बोलवायला अविनाश धावला होता. त्या मुलीला त्याच दुपारी आर्णीला नेलं, तिची सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली, आणि ती आता ठणठणीत आहे. तुमच्यापैकी ज्याच्या घरी आज असं काही घडलं असेल, त्याने माझं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण हे करावं. धुवावं, निघावं, आणि झालेलं खरं सांगावं, मग घरातलं कोणी कितीही रागावो.

हापशीचा दांडा मामाजींनी हातात घेतला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, संक्रांतीच्या थंडीत कपाळावर घाम. गावातली तरणी माणसं पुढे येऊन म्हणत होती, "बुढाजी, सरका, आम्ही मारतो." त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. ते त्या पोरीशी बोलत होते, "झालं माय, झालं, थोडंसं राह्यलं, तुहं नाव काय? शाळेत जातेस का?" पाण्याची धार टाचेवरून वाहत होती.

पंधरा मिनिटं झाली, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी दांडा सोडला नाही.